कुंद्याचा डबा

सातव्या बुधवारी टेबलावर
कुंद्याचा रिकामा डबा ठेवला.
झाकणाला कात्रीनं चीर पाडली होती.
म्हटलं, वर्ग कसा वाटला ते लिहा, नाव नको.
गोडही नको, गोड होतं ते संपलंय.
कुणी हसलं नाही.

वडगावात, येळ्ळूरच्या रस्त्याला,
कार्यालयाची मागची खोली,
भिंतीपलीकडे चार माग.
अलीकडे बारा-तेरा माणसं:
कांड्या भरणाऱ्या बायका, रात्रपाळीचा भरमा,
खासबागच्या बाजारात सुया-बटणं विकणारी रेहाना,
आणि पारिसाण्णा, जे येतात, बसतात, जातात.

रात्री जेवण झाल्यावर डबा उघडला.
खरं सांगते, कौतुक वाचायला उघडला.

पहिलीच चिठ्ठी कन्नडात.
माझं कन्नड दुकानांच्या पाट्यांपुरतं,
म्हणून शेजारच्या गंगक्कांना हाक मारली.
त्यांनी चष्मा लावला, वाचलं,
माझ्याकडे बघून पुन्हा वाचलं:
नीवु भाळ माताडतीरी.
‘तुम्ही भारी बोलता,’ म्हणाल्या.
मी खूश.
‘भारी म्हणजे, लई.’

दुसरीवर एकच ओळ:
दाराकडं पाठ करून बसवू नका.
गोल मांडताना मी फक्त गोल बघितला होता.

तिसरी शिसपेन्सिलीची, अक्षरं एकमेकांवर चढलेली:
बाई, डोळे मिटा, शांत व्हा म्हणता.
आमच्यात शांत म्हणजे करंट गेला.
करंट गेला म्हणजे मजुरी गेली.
मला तवाच छातीत धडधड होतंय.

सहा बुधवार मी
खिडकी लावून घेत होते,
मागांचा आवाज आत येऊ नये म्हणून.

चौथी: फळ्यावर लिहिलासा, ताण वाईट.
उभ्या सुताला ताण नसला तर कापड होईना.
जास्त झाला तर तुटतंय.
किती ठेवायचा ते सांगा.

चहा बरा होता, असं दोघांनी.
एकीनं: घरात विचारूलालेत, बुधवारी कुठं जातीस.
आणि एक कोरी. आठ घड्या घातलेली.

पुढच्या बुधवारी खिडकी उघडली.
खुर्च्या भिंतीला लावल्या, दार सगळ्यांना दिसेल अशा.
तो गोल नव्हता, कसलातरी आकार होता.
विचारलं, ताण किती ठेवायचा?
आणि गप्प बसले.
मला ते जमत नाही. चाळीस सेकंद मोजले.
भरमा म्हणाला, हातानं कळतंय.
सुतावर हाताची पाठ ठेवायची.
निंगव्वा म्हणाली, हवा बघून. पावसाळ्यात वेगळा.
मग दोघं कन्नडात भांडले,
अर्धं कळलं, अर्धं सोडून दिलं.
फळ्यावर मी काही लिहिलं नाही.

डोळे उघडे ठेवून श्वास घेतला.
धोटा गेला की आत, आला की बाहेर,
ही माझी कल्पना.
रेहानाला धाप लागली.
‘ओ बाई, माणसं हाओत आम्ही, मोटार न्हवं!’
तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले.
दहा ठोके आत, दहा बाहेर
हे त्यांनी ठरवलं.

दाराजवळची एक खुर्ची रिकामी होती.
बुधवारी कुठं जातीस, ते अक्षर कुणाचं
मला त्या खुर्चीवरून कळलं.
नाव लिहू नका, मीच म्हणाले होते.
हे दुरुस्त करायला
माझ्याकडे उघडण्यासारखी खिडकी नव्हती.

डबा पुन्हा फिरला.
कोण काय टाकतंय ते दिसू नये म्हणून
मी बाहेर बघत राहिले.
घरी आल्यावर पुन्हा तीच आठ घड्यांची,
उलगडत गेले, कोरी, कोरी,
आणि मधोमध एक ठिपका.
पेन्सिल टेकवून उचललेली.

गंगक्कांना दाखवला.
त्यांनी दिव्याखाली धरला, उलटा करून पाहिला.
‘हे काही कन्नड नाही,’ म्हणाल्या,
आणि चष्मा काढून
बराच वेळ तिथंच बसल्या.